सातव्या खड्ड्याची माती

आदिलाबादच्या पाटबंधारे कचेरीत नरसिंगरावांना सगळे ‘कंप्यूटर साहेब’ म्हणत, आणि ही गोष्ट टेबलावर बसणारं कंप्यूटर यायच्या वीस वर्षं आधीची आहे. त्यांच्या हुद्द्याचं नावच ते होतं. कंप्यूटर, म्हणजे आकडेमोड करणारा माणूस. काम असं, की घरी बायकोला समजावून सांगायला बसलं तर अर्ध्यावर तिला जांभई यायची. बायको दमयंती, शाळेत मास्तरीण. तिला जांभई आली की नरसिंगराव म्हणायचे, "झोपू नकोस, धरण वाहून जाईल." हा त्यांचा आवडता विनोद होता. त्र्याऐंशी सालानंतर तो त्यांनी कधी केला नाही.

निवृत्तीनंतरचे नरसिंगराव ज्यांनी पाहिले, त्यांना ते थोडे चमत्कारिक वाटायचे. दारी खेड्यावरचा कोणीही येवो, भाजीवाली असो की कुणाच्या लग्नाची पत्रिका घेऊन आलेला पाहुणा, ते आतून एक जाडजूड वही आणायचे आणि विचारायचे, "तुमच्याकडे मातीला काय काय म्हणतात?" खरप, चोपण, मुरमाड, भुरकी, एकेक शब्द लिहून घ्यायचे आणि पुन्हा विचारायचे, "म्हणजे नेमकी कशी? मला काहीच माहीत नाही असं समजून सांगा." लोकांना वाटे, म्हाताऱ्याला वेळ जात नाही. वहीच्या पहिल्या पानावर एकच शब्द होता आणि तो त्यांनी कधी कोणाला विचारला नाही.

घराणं मूळचं नांदेडकडचं. निजामाच्या काळात आजोबा अदालतीत कारकून म्हणून आले आणि इथलेच झाले. तीन पिढ्या शहरात, तीन पिढ्या नोकरीत. घरात मराठी, शाळेत उर्दू, बाजारात तेलुगू, कचेरीत इंग्रजी. शेतीशी नातं एवढंच, की ज्वारी विकत आणायची. घराण्याची जमीन म्हणावी तर तुळशीच्या कुंडीतली, तीसुद्धा दमयंतीच्या माहेराहून आलेली. पण सर्व्हिस बुकात ‘अवगत भाषा’ या रकान्यात पहिलं नाव मराठीचं होतं, आणि पुढचं सगळं त्या रकान्यामुळे घडलं.

एकाहत्तर साली बेल्याच्या बाजूला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून, जांभुळधरा नावाच्या गावी तलाव बांधायचं ठरलं. ओढा अडवून चाळीस फूट उंचीचा मातीचा बांध घालायचा होता. मातीच्या बांधाची गंमत अशी, की उतार फार उभा ठेवला तर माती घसरते आणि फार पसरट ठेवला तर माती पुरत नाही. मग घसरेल की नाही, हे बांधायच्या आधी कळावं कसं? नरसिंगरावांची सगळी विद्या या एका प्रश्नात होती.

ते आलेखाच्या कागदावर बांध उभा कापल्यासारखा काढायचे. मग कंपास घेऊन त्यातून एक वाकडी रेघ मारायचे. समजा बांध घसरलाच, तर या रेघेवरून घसरेल. रेघेच्या वरच्या मातीचे ते उभे काप पाडायचे, प्रत्येक कापाचं वजन काढायचे, आणि त्या वजनाचा किती भाग मातीला खाली ढकलतो व किती भाग तिला जागेवर दाबून धरतो ते वेगळं करायचे. धरणाऱ्या जोराला ढकलणाऱ्या जोरानं भागायचं. उत्तर दीडच्या वर आलं तर बांध सुखरूप. एकाच्या खाली गेलं तर बांध कागदावरच पडला म्हणायचा. बरं, एवढ्यावर सुटका नाही. आपण कुठून घसरणार हे माती काही सांगून ठेवत नाही, म्हणून कंपासाचं टोक जरा सरकवून दुसरी रेघ, मग तिसरी, मग चाळिसावी. सगळ्यांत लहान उत्तर येईल ते खरं धरायचं. एकेका रेघेला अर्धा दिवस जाई. हाताशी हँडल फिरवायचं एक यंत्र होतं. भागाकार मर्यादेपलीकडे गेला की त्यातली घंटी वाजायची. घंटी ऐकू आली नाही तर कचेरीतले म्हणत, आज नरसिंगराव रजेवर दिसतात.

मात्र या सगळ्या आकड्यांच्या तळाशी एक साधी गोष्ट लागते. माती कसली आहे? त्यासाठी बांधाच्या रेषेवर दर दोनशे फुटांवर खड्डा खणून मातीचा नमुना घेत. जांभुळधऱ्याला असे अकरा खड्डे खणायचे होते. ई.ई. साहेब, म्हणजे कार्यकारी अभियंता, पार गोदावरीच्या मुखाकडचे. जांभुळधऱ्याचे लोक मराठीवाचून बोलत नाहीत हे कळल्यावर त्यांनी सर्व्हिस बुकं मागवली आणि नरसिंगरावांना बोलावून विचारलं, "मीरु मराठी कदा?" तुम्ही मराठी ना? नरसिंगराव खुशीत म्हणाले, "होय सर, मातृभाषा." टेबलाबाहेर पडून ऊन खायची संधी त्यांना नोकरीत प्रथमच मिळत होती.

कार्तिक संपत आला होता. सहा खड्डे खणून झाले. सहाव्यात घट्ट पिवळा मुरूम लागला. सातवा खड्डा नागोराव नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात येत होता आणि वावरात कपाशी उभी होती. कशी उभी! आजूबाजूला कमरेएवढी, आणि नागोरावांच्या त्या तुकड्यात छातीएवढी. बोंडं नुसती फुटून राहिलेली. नागोराव आणि त्यांची बायको जयवंताबाई वेचणी करत होते. नरसिंगरावांच्या मागं पाच मजूर कुदळी घेऊन उभे पाहून नागोराव हात जोडून पुढं आले.

"सायेब, इथं खोदू नका ना. येचनी चालू हाये. दोन मयन्यानं या, मंग कुठंबी खोदा."

खड्डा दहा फूट लांब, वर मातीचा ढीग, त्यात मजुरांची ये-जा. निदान वीस हात कपाशी गेलीच असती. नरसिंगराव मुळात मऊ माणूस. आठवा खड्डा त्या वावराच्या पलीकडे दुसऱ्या टोळीनं आधीच खणला होता, त्यातही पिवळा मुरूमच होता. दोन्हीकडे मुरूम, मग मधे दुसरं काय असणार?

"बरं, नाही खोदत," ते म्हणाले. "पण खाली माती कसली आहे ते तरी सांगा."

"इथं? इथं पांढरी हाये ना, सायेब."

"पांढरी?"

"हो. त्या बोरीपासून तं या धुऱ्यापरेंत समदी पांढरीच हाये."

नरसिंगरावांनी वही उघडली. रंग, पोत, ओल असे रकाने होते. रंगाच्या रकान्यावर पेन ठेवून त्यांनी विचारलं, "किती पांढरी? चुन्यासारखी का राखेसारखी?"

नागोराव त्यांच्याकडे पाहत राहिले. जयवंताबाईंच्या हातातलं बोंड हातातच राहिलं. मग नागोराव म्हणाले, "राखेवानी."

नरसिंगरावांनी लिहिलं: ‘खड्डा सात. खणला नाही. जमीनधारकाच्या सांगण्यावरून पांढरी माती, राखेच्या रंगाची.’ जयवंताबाईंनी त्यांना वावराच्या कडेच्या धुऱ्यावर बसवून भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. जेवताना त्यांनी विचारलं, "सायेबाले आमचं बोलनं समजते ना?"

"न समजायला काय झालं? माझी मराठीच आहे की."

"मंग बरं झालं. मांगचा सायेब तेलुगू होता. त्याले आमचं समजे ना, आमाले त्याचं समजे ना."

आपण किती उपयोगी पडलो, या समाधानात नरसिंगराव परतले. कचेरीत ई.ई. साहेबांनी वहीतली ओळ वाचली आणि म्हणाले, "तेल्ल मट्टी." पांढरी माती. अलीकडे मुरूम, पलीकडे मुरूम, म्हणजे हाही मुरूमच, फक्त पांढरा. मुरमाचे आकडे धरा. नरसिंगरावांनी ते धरले. अठ्ठेचाळीस रेघा मारल्या, एक महिना हँडल फिरवलं. सगळ्यांत लहान उत्तर आलं एक पूर्णांक त्रेपन्न. साहेबांनी कागदावर लाल शाईनं ‘छान’ असा शेरा मारला. त्या दिवशी नरसिंगराव पेढे घेऊन घरी गेले. दमयंतीनं विचारलं, "कोणाकडे काय झालं?" ते म्हणाले, "आमच्याकडे बांध झाला."

चौऱ्याहत्तरला तलाव पुरा झाला. नागोरावांची नऊ एकरांपैकी सात एकर जमीन त्यात गेली. उरलेली दोन एकर बांधाच्या पायथ्याशी होती. तिथंच त्यांनी आणि शेजारच्या दोन घरांनी नवी घरं बांधली, कारण विहीर तिथं होती आणि राहिलेलं शेतही तिथंच. पाणी सोडायच्या समारंभाला नरसिंगराव गेले होते. मागं चाळीस फुटांचा बांध, पुढं सारवलेलं अंगण. जयवंताबाई हसून म्हणाल्या, "आता तुमच्याच सावलीत आलो, सायेब."

सहा वर्षं काही झालं नाही.

ऐंशी सालच्या उन्हाळ्यात दुसऱ्याच एका तलावाच्या जमिनीचा वाद निघाला आणि जुने नकाशे पाहायला नरसिंगराव तहसीलच्या दफ्तरखान्यात गेले. दफ्तर सांभाळणारे उत्तमराव निजामाच्या वेळचं उर्दू दफ्तर वाचणारे शेवटचे. बेल्याकडच्या गावांचा गठ्ठा सोडताना जांभुळधऱ्याचा नकाशा वर आला. नरसिंगराव कौतुकानं म्हणाले, "अरे, हा तर माझा तलाव!" आणि त्यांनी बोटानं बांधाची रेघ दाखवली.

उत्तमरावांनी चष्मा पुसला. "म्हणजे बेचिराग गावावर बांध घातला म्हणा तुम्ही."

"कशावर?"

"हे बघा, लिहिलंय ना. मौजा जांभुळधरा खुर्द, बेचिराग. जिथं चिराग लागत नाही ते. उजाड गाव. तुम्ही मराठीत रिठ म्हणता. पटकीनं उठलं असेल नाहीतर दुष्काळानं, कोण जाणे. ही सगळी काळी, आणि ही त्या गावची पांढरी."

त्यांचं बोट बोरीपासून धुऱ्यापर्यंतच्या तुकड्यावर होतं.

"पांढरी, म्हणजे पांढऱ्या रंगाची माती?" नरसिंगरावांनी विचारलं. आवाज त्यांचा त्यांनाच परका वाटला.

उत्तमरावांना वाटलं, थट्टा चालली आहे. "काय राव, मराठी माणूस तुम्ही! काळी म्हणजे शेतं. पांढरी म्हणजे गाव बसतं ती जागा. शंभर वर्षांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंती, शेण, उकिरडे, सगळं तिथंच साचतं. खत म्हणून गाड्या भरभरून नेतात शेतकरी. आणि खाली पेवं असतील ती वेगळी. जुन्या गावांत धान्य जमिनीखालच्या पेवांत ठेवायचे, विहिरीएवढाली असतात एकेक."

नरसिंगराव खुर्चीवर बसले. छातीएवढी कपाशी त्यांना आठवली. राख आणि शेण खाऊन वाढलेली कपाशी. ती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, तिचं कौतुकही केलं होतं. ‘राखेवानी’ हा शब्द आठवला. नागोरावांनी त्यांना सगळं सांगितलं होतं. एका शब्दात, त्यांच्याच भाषेत, आणि अगदी बरोबर. त्यांना शरम वाटली, आणि शरमेच्या मागून भीती आली.

त्यांनी जुना आलेखाचा कागद काढला. सातव्या खड्ड्याच्या जागी मुरमाचे आकडे खोडले आणि भुसभुशीत, राखट, पोकळ्या असलेल्या मातीचे आकडे घातले. सगळ्यांत लहान उत्तर आलं एक पूर्णांक चार शतांश. मग त्यांनी तलाव काठोकाठ भरलेला धरला आणि पाणी त्या मातीत मुरलं असं धरलं. एकतिसाव्या रेघेला उत्तर आलं शून्य पूर्णांक एक्क्याण्णव. त्यांनी तीनदा ताळा केला. घंटी तीनदा वाजली, उत्तर तेच.

आता ई.ई. साहेब नवे होते, हुशार होते. त्यांनी कागद नीट पाहिला. मग हिंदीत म्हणाले, "एकाच्या खाली म्हणजे हा बांध उभाच राहू शकत नाही. बरोबर? सहा वर्षं उभा आहे. मग खोटं कोण, बांध की तुमचा आकडा?"

"सर, तलाव अजून एकदाही काठोकाठ भरलेला नाही. दोन तृतीयांशाच्या वर पाणी गेलं नाही."

"मग मातीचा नमुना आणा. नुसत्या शब्दावरून मी सरकारला काय लिहू? एका म्हाताऱ्यानं पांढरीचा अर्थ गाव सांगितला, असं लिहू?"

नमुना आणायचा तर बांधाच्या पायथ्याशी भोक पाडायचं. भोक पाडायला हैदराबादची परवानगी. फाइल गेली, शंका काढून परत आली, उत्तर घेऊन पुन्हा गेली, आणि पुढे तिला पाय फुटले. साहेबांनी बजावलं होतं, की तोवर गावात शब्द काढायचा नाही, लोक घाबरतील.

एक्क्याऐंशीच्या श्रावणात एका रविवारी नरसिंगराव स्वतः बसनं जांभुळधऱ्याला गेले. दमयंतीला सांगितलं, साहेबांचं काम आहे. नागोरावांच्या घरामागे बांधाचा पायथा ओला होता. तेवढ्या पट्ट्यात गवत हिरवंगार, आणि त्यात जयवंताबाईंनी वांगी आणि कोथिंबीर लावली होती.

"पाहा ना सायेब, पानी दारात आलं," त्या म्हणाल्या. "आता पोहरा सोडाची गरजच नाइ. हातानं झाड लावा, लागते." आणि नरसिंगरावांच्या पिशवीत चार वांगी घातली.

येताना बसमध्ये नरसिंगरावांनी वाक्य जुळवून ठेवलं होतं. ‘नागोराव, हे घर सोडा, वर गावात राहायला जा.’ पण त्यावर नागोराव विचारणार, काऊन? मग सांगावं लागणार, की तुमचा शब्द मला समजला नाही. मराठी माणूस, कंप्यूटर साहेब, भाकरी खाताना ‘माझी मराठीच आहे’ म्हणालेला माणूस.

"पावसाळ्यात जरा सांभाळून राहा," ते म्हणाले.

"काऊन सायेब? काइ हाये का?"

"काही नाही. आपलं सांगितलं."

इथं नरसिंगरावांची बाजू घ्यावीशी वाटते. नोकरी होती, साहेबांची ताकीद होती, नमुना नव्हता. पण खरं कारण यातलं एकही नव्हतं, आणि हे त्यांना त्याच संध्याकाळी बसमध्ये कळलेलं होतं. वांगी त्यांनी घरी आणली. दमयंतीनं भरली वांगी केली. त्यांना जेवण गेलं नाही.

त्र्याऐंशीच्या ऑगस्टात सलग नऊ दिवस पाऊस लागला. तलाव पहिल्यांदाच काठोकाठ भरला. दहाव्या दिवशी पाऊस थांबला, ऊनही पडलं. गावातले पुरुष सांडव्याकडे पोती रचायला गेले होते, नागोरावही त्यांत होते. भर दुपारी बांधाच्या पाठीची दीडशे फूट माती सहाव्या आणि आठव्या खड्ड्याच्या मधे सुटली आणि खाली आली. आवाज फारसा झाला नाही म्हणतात. शेजारच्या दोन घरांतली माणसं भिंत कलंडताना पाहून पळाली. जयवंताबाईही अंगणाबाहेर आल्या होत्या. पण गोठ्यात म्हैस बांधलेली होती. दावं सोडायला त्या मागं फिरल्या.

सांडवा फोडून पाणी उतरवलं म्हणून गाव वाचलं. जयवंताबाई दुसऱ्या दिवशी सापडल्या. दावं हातात होतं.

मोजमापाला नरसिंगरावांनाच जावं लागलं, कारण मराठी येणारे तेच. जिथून माती सुटली होती तिथं टेप लावून त्यांनी उंच्या घेतल्या आणि कचेरीत येऊन आपल्या जुन्या कागदावर ठिपके मांडले. ठिपके एकतिसाव्या रेघेवर बसले. कुठं फूटभर वर, कुठं दोन फूट खाली. आयुष्यात इतकं अचूक उत्तर त्यांना कधी आलं नव्हतं. कागद टेबलाच्या खणात टाकून ते नळाखाली जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

चौकशी झाली. अतिवृष्टी, असं कारण निघालं. अहवालाच्या अकराव्या पानावर एक ओळ होती: ‘सातव्या खड्ड्याच्या जागी जमीनधारकाने दिलेली माहिती अपुरी होती.’ नरसिंगराव ती ओळ घेऊन साहेबांकडे गेले. म्हणाले, "सर, माहिती पुरी होती. मला समजली नाही."

साहेब माणूस वाईट नव्हते. त्यांनी दार लावून घेतलं. "पांढरी म्हणजे तेल्ल. शब्दकोश काढून बघा, चूक कुठं आहे? नोकरीची नऊ वर्षं उरलीत तुमची. त्या शेतकऱ्याला कोणी शिक्षा करणार आहे का? नाही. मग?"

मग काही नाही. नरसिंगरावांनी अहवालाच्या जोडपत्रांच्या यादीखाली सही केली.

सही केली पण ती त्यांना झोपू देईना. दिवाळी उलटल्यावर ते जांभुळधऱ्याला गेले. नागोराव आता वर गावात भाऊ डोमाजीकडे राहत होते, पण दिवसभर जुन्या जागेवर जाऊन बसत. तिथंच भेटले, घसरलेल्या मातीसमोर एका दगडावर. माती कापल्यासारखी उघडी पडली होती. त्यात राखेचे थर दिसत होते, खापरं दिसत होती, एक अख्खा चूलखंड दिसत होता. ज्यांचा दिवा विझून शंभर वर्षं झाली त्यांची चूल.

नरसिंगराव समोर बसले आणि या वेळी वाक्य जुळवलं नाही.

"नागोराव, एकाहत्तर साली तुम्ही मला इथं पांढरी आहे म्हणून सांगितलं. मला पांढरी म्हणजे काय ते माहीत नव्हतं. मी पांढरा रंग लिहिला. आणि दोन वर्षांमागं आलो होतो तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. मी बोललो नाही. आता सरकारी कागदावर तुमचं नाव लागलंय, की तुम्ही पुरतं सांगितलं नाही. त्याच्यावर सही माझी आहे."

नरसिंगरावांना वाटलं, आता शिवी येईल, हात उठेल. यावा असंही वाटलं.

"माले ठाव होतं," नागोराव म्हणाले.

"काय?"

"तुमाले पांढरी समजली नाइ हे. तुमी इचारलं ना, चुन्यावानी का राखेवानी? तवाच समजलं माले. हा कसा सवाल हाये, मनलं. पांढरी का कोनी रंगानं इचारते?"

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"कसा बोलू? तुमी शिकलेले. पाच मानसं उभी होती तुमच्या मांगं. त्यायच्या म्होरं तुमाले कसं मनू, का सायेब, तुमाले आपली बोली येत नाइ?" नागोरावांनी पायाशी पडलेलं एक खापर उचललं आणि पुन्हा तिथंच ठेवलं. "जयवंता मनली होती. सांजच्याला भाकर थापता थापता. मने, त्या सायेबाले काइ समजलं नाइ, उद्या त्यायची मोटार जायाच्या आंदी जाऊन सांगून या. म्या मनलं, राहू दे. आपल्या उभ्या कापसात खोदलं नाइ त्यानं. भला मानूस हाये, त्याले काऊन लाजवाव?"

आदिलाबादची शेवटची बस साडेपाचला होती. ती निघून गेली तेव्हा दोघं तिथंच बसलेले होते.